एक कमांड, अख्खी यादी



साध्या लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. दोऱ्याची लांबी बदलत जायची, प्रत्येक लांबीला वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. मोजायला मजा येते. नंतरची आकडेमोड मात्र जीव काढते. वेळेला वीसनं भागा, उत्तराचा वर्ग करा, त्या वर्गानं लांबीला भागा, शेवटी चार पाय वर्गानं, म्हणजे ३९.४८नं गुणा. मग पुढची ओळ, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या ओळीला बोटं आपली चालत राहतात आणि आकड्यांकडे कुणाचं लक्ष नसतं.

ही आकडेमोड ओळीओळीनं करायची गरजच नाही, हे मला आज सांगायचं आहे. कॅल्क्युलेटरला अख्खी यादी एकदम देता येते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा १९९३ सालचा एचपी ४८जी घ्या. त्यावर आकडे आधी आणि कमांड नंतर, अशी रीत आहे. महिरपी कंसात लांब्या लिहायच्या : ०.४, ०.६, ०.८ आणि १ मीटर. दुसऱ्या कंसात वेळा : २५.४, ३१.१, ३४.१ आणि ४०.१ सेकंद. आता २० लिहून भागाकाराचं बटण दाबलं की चारही वेळा एकदम भागल्या जातात. वर्गाची कमांड दिली की चारही वर्ग तयार. पुन्हा भागाकार केला की पहिल्या लांबीला पहिला वर्ग, दुसरीला दुसरा, अशा जोड्या लावून यंत्र भागत जातं. शेवटी ३९.४८नं गुणायचं.

पडद्यावर उत्तरं येतात : ९.७९, ९.८०, १०.८६, ९.८२.

तिसरा आकडा लगेच डोळ्यांत भरतो. या लांबीला एक आंदोलन साधारण १.८ सेकंदांचं असतं. ३४.१मध्ये तेवढे मिळवा, ३५.९ होतात आणि उत्तर ९.८० येतं. म्हणजे घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणायच्या ऐवजी ‘एक’ म्हटलं गेलं आणि वीसच्या जागी एकोणीस आंदोलनं मोजली गेली. एकेक उत्तर वहीत उतरवत गेलं तरी ही चूक सापडू शकते, नाही असं नाही. पण चार उत्तरं शेजारी शेजारी उभी असली की विद्यार्थी त्यांची आपसांत तुलना करू लागतो, आणि माझ्या मते प्रयोगाचा खरा अभ्यास तिथे सुरू होतो. वेळ वाचतो हा फायदा आहेच, पण तो दुय्यम.

अख्खी यादी एकदम हाताळण्याच्या विचाराला आकार दिला केनेथ आयव्हरसन या कॅनडात जन्मलेल्या गणितज्ञानं. हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांनी स्वतःची एक चिन्हलिपी रचली. १९६२ साली तिच्यावर पुस्तक निघालं आणि पुढे तिच्यातून एपीएल ही संगणकभाषा झाली. त्या भाषेत अधिक चिन्हापुढे एक तिरकी रेघ ओढून यादी लिहिली की सगळ्या आकड्यांची बेरीज होते. अधिकच्या जागी गुणिले लिहा, गुणाकार होतो. कमाल शोधायचं चिन्ह लिहा, सर्वांत मोठा आकडा हाती येतो. बेरजेची वेगळी कृती, कमाल शोधायची वेगळी, असं पाठ करावं लागत नाही. मला ही रचना फार सुंदर वाटते. एचपी ४८जीवरची ‘स्ट्रीम’ ही कमांड नेमकं हेच काम करते. १९७९ साली आयव्हरसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता दोन ठिकाणी जपायला हवं. एचपी ४८जीवर दोन याद्यांना अधिकचं बटण दाबलं, तर बेरीज होत नाही. दुसरी यादी पहिलीच्या शेपटाला जोडली जाते आणि चार-चार आकड्यांच्या दोन याद्यांची आठ आकड्यांची एक यादी होते. बेरजेसाठी ‘ॲड’ ही वेगळी कमांड आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३वर मात्र साध्या अधिकनंच जोडीजोडीनं बेरीज होते.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. दोन याद्यांमधल्या आकड्यांची संख्या जुळली नाही, तर यंत्र अडतं आणि तसं सांगतं. क्रम बिघडला, तर ते काहीच बोलत नाही. तुम्ही लांब्या चढत्या क्रमानं लावून घेतल्या आणि वेळा होत्या तशाच ठेवल्या, तर यंत्र मुकाट्यानं चुकीच्या जोड्या लावून उत्तरं देत राहील. टीआय-८३वर याला सोय आहे. ‘सॉर्ट ए’ या कमांडच्या कंसात आधी लांब्यांच्या यादीचं नाव लिहायचं, मग स्वल्पविराम देऊन वेळांच्या यादीचं. लांब्या क्रमानं लागतात आणि प्रत्येकीची वेळ तिच्याबरोबरच हलते.