पणजोबांची तीन नावं

पणजोबांचे कागद काढायला बसलो, तर तीन माणसं समोर आली. शाळेच्या रजिस्टरात परशराम, जन्म 1 जून 1924. त्यांचे वडील वारल्यावर 1931 साली वारस लागले, त्या मोडी फेरफारात परसू, वय 10, पालनकर्ती आई. आणि 1956 नंतरच्या कन्नड उताऱ्यात परसाप्पा.

घरातले म्हणाले, कन्नड उतारा सोड, तो आपला नव्हे. मी सोडला नाही. सर्व्हे नंबर तोच, वडिलांचं नाव तेच, बांधाचे शेजारी तेच. माणूस एकच, लिहिणारे वेगळे.

जन्मसालाचं काय? 1 जून ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख. अशी तारीख तुमच्याही घरात सापडेल. फेरफार जुना, आणि वारस अज्ञान म्हणून त्यात वयाला महत्त्व. म्हणून वंशावळीत मी ‘सुमारे 1921’ लिहिलं, शेजारी शाळेची तारीखही ठेवली.

जनगणनेच्या कागदांत आजोबा-पणजोबा शोधायला जाऊ नका. 1948 च्या कायद्याने घरोघरची माहिती गोपनीय आहे, दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाही. गावाचे आकडे तेवढे मिळतात.

1956 पासून आपण कागद दाखवून हक्क मागतोय. मग नको असलेला कागद लपवून कसं चालेल? आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. मोडी वाचणारं कुणी गावात असेल, तर आधी त्यांच्याकडे जा.