बजेट विचारायचं नाही

आजचा भाग जरा घरचा आहे.

माझे बाबा महाडच्या बाजारपेठेत पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात सेल्समन आहेत. ३३ वर्षं, एकच दुकान. आम्ही पोलादपूरचे. सकाळच्या एसटीने जायचं, रात्री परत. लहानपणी मला वाटायचं दुकान बाबांचंच आहे, शाळेत तसं सांगितलंही होतं. खरं कळलं तेव्हा लाज वाटली होती, हे आधीच कबूल करतो.

मी आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमची टीम ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांसाठी साइज सुचवणारा प्रोग्राम लिहिते. उंची-वजन टाका, साइज हजर. दिवाळीत बाबांना दाखवला. बघून म्हणाले, "चांगलंय. पण माप देताना माणूस पोट आत घेतो, ते याला कळतं का?"

बाबा टेप नंतर काढतात. गिऱ्हाईक पायरी चढतानाच कंबर ३४ की ३६ ते त्यांना कळलेलं असतं. पण त्यांचा खरा नियम वेगळा आहे. बजेट विचारायचं नाही. आधी मधल्या भावाचा माल काढायचा आणि हात कुठे जातो ते बघायचं.

एकदा सुट्टीत मी दुकानात बसलो होतो. लग्नाचा बस्ता चालला होता. नवरदेवाच्या मामांनी सगळ्यात महाग सूटिंगवर बोट ठेवलं. मुलीचे वडील गप्प. बाबांनी तागा चाचपला आणि म्हणाले, "यात सूट नाही हो बसायचा, जेमतेम पँट निघेल." लगेच शेजारचा तागा पुढे केला. पहिला तागा भरलेला होता, हे मला माहीत होतं आणि मालकांनाही. नंतर मालक बरंच बोलले. बाबांनी ऐकून घेतलं.

कपड्याचा आणि मानाचा संबंध महाडला नवा नाही. मार्च १९२७ मध्ये इथे चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इथेच बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं, की अस्पृश्यतेची खूण ठरणारी लुगडं नेसायची पद्धत सोडून द्या. कपड्यावरून माणसाची किंमत होते, हे बाबा आजही रोज काउंटरवर बघतात.

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला जाते. त्यामुळे आमच्याकडे पाणी चढलं की बाबा दुकानावर फोन लावतात. २२ जुलै २०२१ ला फोन लागलाच नाही. बाजारपेठेतले तळमजले बुडाले होते. वर्क फ्रॉम होममुळे मी घरीच होतो. रस्ता सुरू झाल्यावर आम्ही दोघं गेलो. तागे चिखलात, उधारीच्या वहीचा लगदा झालेला, मालक पायरीवर बसलेले. बाबांनी नवी वही आणायला लावली आणि एकेक नाव आठवून सांगितलं, आकड्यांसकट. पुढचे तीन महिने त्यांना अर्धाच पगार मिळाला.

दुकानात माणसं पाच. ग्रॅच्युइटीचा कायदा १० माणसांपासून लागू होतो, पीएफचा २० पासून. म्हणजे ३३ वर्षांनंतर बाबांच्या नावावर कायद्याने काहीच नाही. माझं बीटेक, ताईचं लग्न, आईचं ऑपरेशन, सगळं त्याच पगारातून झालं.

आता गणपतीतही गर्दी कमी असते. लोक मोबाईलवर मागवतात. त्यात माझ्या कामाचाही थोडा वाटा आहे. बाबांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मीच बोलतोय.

मी म्हटलं, आता बस करा, मी आहे ना. तर म्हणाले, "तू आहेस रे. पण मुंबईची माणसं गणपतीला येतात तेव्हा विचारतात, काका कुठे गेले?"

मग मी दर महिन्याला त्यांच्या नावावर पैसे टाकायला लागलो. घरात त्याला आम्ही ग्रॅच्युइटी म्हणतो. आधी नको म्हणाले. चार दिवसांनी म्हणाले, "पावती देत जा."

तुमच्या घरातही कोणी दुसऱ्याच्या दुकानात आयुष्य काढलं असेल. त्यांना एकदा विचारा, काय काय पाठ आहे तुम्हाला? आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.