बांधावरचें झाड आणि पांच खणांचें घर

लांकडी घर म्हटलें कीं, बहुतेकांच्या डोळ्यांपुढें कोंकणांतील माडांच्या छायेंतलें कौलारू घर, नाहीं तर एखादा सागवानी वाडा उभा राहतो. बारामती तालुक्यांतील माळेगांव बुद्रुकसारख्या गांवीं लहानसें, टिकाऊ आणि स्वावलंबी लांकडी घर बांधावें असें कोणी सुचविलें, तर पहिला प्रश्न येईल तो हा, कीं लांकूड आणावयाचें कोठून? प्रश्न रास्त आहे. आणि घराचा आराखडाही याच प्रश्नापासून सुरू व्हावयास हवा.

हा मुलूख पर्जन्यछायेंतला. वर्षाचा पाऊस सरासरीनें सुमारें ५०० मिलिमीटर, आणि तोही बेभरंवशाचा. १८८० च्या दशकांत नीरा डावा कालवा आला, पुढें ऊंस आला, १९५० च्या दशकांत माळेगांवीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाणी आलें, पैसाही आला. इमारती लांकडाचें जंगल मात्र आलें नाहीं.

तरीही येथला जुना शेतकरी लांकडानेंच घर बांधी. त्या घराचें नांव धाबें. बाभळीचे किंवा कडूनिंबाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवें किलचण आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. वैशाखाच्या उन्हांत तें थंड राहतें, हा त्याचा मोठा गुण. दोष हा, कीं आठ इंच मातीचें ओझें दर चौरस मीटरला तीनशें किलोग्रॅमांच्या वर जातें. मंगळुरी कौलांचें ओझें त्याच्या पांचव्या हिश्श्याच्या आसपास असतें. ओझें जड तर तुळई जाड, आणि तुळई जाड तर झाड जुनें हवें. म्हणून ज्याला स्वतःच्या शेतांतील लांकडावर भागवावयाचें आहे, त्यानें छप्पर हलकें ठेवावें, आणि गारव्यासाठीं कौलांखालीं बांबूच्या तट्ट्यांचा, मातीनें सारवलेला माळा घालावा.

घर किती मोठें, हें जुने लोक चौरस फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा, बहुधा पांच-सहा फुटांचा. या मापांत लांकडाची कुवत आपोआप सामावलेली असते. बाभूळ कठीण व चिवट; गाडीचीं चाकें आणि नांगर तिचेच होत. पण तिचें खोड आंखूड आणि वांकडें. म्हणून आराखडा असा करावा, कीं नऊ फुटांहून लांब तुकडा कोठेंही लागूं नये. साडेपांच फुटांचा एक खण धरला, तर पांच खणांचें घर साडेसत्तावीस फूट लांब होतें. रुंदी मधल्या खांबाच्या दोहों बाजूंस नऊ-नऊ, म्हणजे अठरा फूट. अशा घराला अठरा खांब व बारा तुळया पुरतात. मधल्या खांबांवर आंखूड उभीं लांकडें बसवून त्यांवर आढें ठेवावें; आढ्याला व भिंतींवरच्या आडव्या लांकडांना लहान पंधरा तुकडे लागतील. वासे बांबूचे. एका कुटुंबास ओसरी, माजघर, स्वयंपाकघर व धान्याची खोली एवढ्यांत मिळते.

आतां झाडांचा हिशेब. तीस मोठीं लांकडें हवींत, तर मरतुक धरून चाळीस झाडें लावावींत. पांच-पांच मीटरांवर लाविलीं, तर त्यांना दोनशें मीटर बांध पुरतो. एक हेक्टर चौरस शेताचा घेर चारशें मीटर असतो. बाभूळ इमारतीजोगी होण्यास पंधरा-वीस वर्षें लागतात. तोंवर शेंगा शेळ्यांना, कांटे कुंपणाला. मात्र सावलीनें कडेच्या ओळींचें पीक कमी येणार, आणि शेजारी कुरकुर करणार. हा खर्च हिशेबांत प्रामाणिकपणें धरला पाहिजे. ज्याला वीस वर्षें थांबवत नाहीं, त्यानें मोडलेल्या वाड्यांचें जुनें लांकूड घ्यावें. परंतु झाडें त्याच वर्षीं लावावींत, म्हणजे पुढचा खांब बदलण्याची पाळी येईल तेव्हां तो बांधावर उभा असेल.

लांकूड टिकतें तें त्याच्या जातीमुळें जितकें, तितकेंच त्याच्या पायामुळें. काळी जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्यावा. कालव्याच्या भागांत ओल वर चढते आणि मातीच्या भिंतींना लोणा लागतो. यासाठीं जोतें दगडाचें व उंच हवें. खांब जमिनींत पुरूं नये, तळखड्यावर उभा करावा, म्हणजे ओल व वाळवी दोन्हींपासून अंतर राहतें. बाहेरचें पांढरें लांकूड ताशून काढावें व गाभा ठेवावा. तोडलेलें लांकूड कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून मग सावलींत वाळविण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. बांबूला बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणांत भिजविल्यास त्याला कीड लागत नाहीं.

स्वावलंबन पाण्याच्या परीक्षेला मात्र पुरें उतरत नाहीं. वळचणीसह छप्पर साठ चौरस मीटरांचें धरलें, तर ५०० मिलिमीटर पावसांत त्यावर तीस हजार लिटर पाणी पडतें. गळती वजा जातां चोवीस हजार हातीं येतें. पांच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला साठ लिटर लागले, तर वर्षाला सुमारें बावीस हजार. पंधरा हजार लिटरांची झांकलेली टांकी असली, तर दिवाळीपासून मृगापर्यंत निभावतें. पण पाऊस निम्मा पडला, तर हेंच पाणी दोनशें दिवसांत संपतें. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षीं विहीर, शेजार आणि गांव यांच्यावांचून एकही घर स्वावलंबी राहूं शकत नाहीं. इंधनाचेंही तसेंच: दोन घनमीटरांच्या गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारें पन्नास किलो शेण हवें, म्हणजे गोठ्यांत चार-पांच जनावरें हवींत. गोठा नसेल, तर तें संयंत्र शोभेचेंच.

या विचाराला महाराष्ट्रांत एक थोर उदाहरण आहे. महात्मा गांधी १९३६ सालीं वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास गेले. त्याच गांवाला पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथील माती, लांकूड, बांबू आणि कौलें यांची बापूकुटी आजही उभी आहे. इव्हान इलिच यांनीं १९७८ सालीं सेवाग्रामांत याच कुटीवर भाषण केलें. परंतु वर्ध्यास पाऊस दुप्पट, आणि साग व बांबू जवळ. ती कुटी उचलून माळेगांवीं ठेवणें म्हणजे तिचा अर्थ न समजणें होय. घ्यावयाचा तो तिचा नियम: जें जवळ मिळतें त्यानें बांधावें, आणि जें स्वतःच्या हातांनीं दुरुस्त करतां येईल तेवढेंच बांधावें.

लहान घराचें कौतुक करतांना एक गोष्ट नजरेआड होऊं नये. गळिताच्या हंगामांत ऊंसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरांत कोप्या घालून राहतात. कोपीही लहानच, आणि तीही बांबू, ताडपत्री व पाचट यांचीच. पण तींत जोतें नाहीं, ओसरी नाहीं, स्वच्छ पाण्याची सोय नाहीं. गरजा ओळखून निवडलेला लहानपणा आणि नाइलाजानें पदरीं आलेला लहानपणा यांत हें अंतर आहे. पांच खणांच्या घराचा आराखडा खरा उपयोगी ठरेल, तो कोरडें जोतें, दोन खिडक्या, धूर बाहेर नेणारी चूल आणि झांकलेलें पाणी एवढें कोपींत राहणाऱ्यालाही परवडेल तेव्हां. त्यासाठीं आधीं बांधावर झाडें उभीं राहावयास हवींत. आणि तीं लावण्यास येता पावसाळा पुरेसा आहे.