किती शिट्ट्या झाल्या?

गॅसवर कुकर चढवलेला असतो, स्वयंपाकघरात दोघं वावरत असतात, आणि मधेच एक जण विचारतो, "किती शिट्ट्या झाल्या?" दुसरा म्हणतो, "अरे, मला वाटलं तू मोजतोयस." दोघांपैकी कुणी आळशी नसतं, कुणी बहिरंही नसतं. शिट्टी कानावर पडलेली असते, पण रोजचाच आवाज म्हणून मनात नोंदलीच गेलेली नसते. आज बोलायचं आहे ते विमानाच्या कॉकपिटबद्दल, आणि हाताशी असलेल्या मिनिटांत एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. वैमानिकाला लागणारी पेंग आणि त्याला येणारं गाफीलपण याला आपण बेशिस्त म्हणतो. माझं म्हणणं असं की हा दोष मुख्यतः वेळापत्रकाचा आहे.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला झालेला अपघात तुम्हाला आठवत असेल. दुबईहून मध्यरात्रीनंतर निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टीवरून पुढे गेलं आणि दरीत कोसळलं. १६६ जणांपैकी आठ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण सुमारे दोन तासांचं होतं. त्यात पहिला एक तास चाळीस मिनिटं दोघा वैमानिकांत संभाषण नाही, घोरण्याचा आवाज मात्र आहे. मुख्य वैमानिक नवखे नव्हते, दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पण लांबलेल्या झोपेतून उठलेला माणूस डोळे उघडले म्हणजे जागा झाला असं होत नाही. विमान हवं त्यापेक्षा बरंच उंचावर होतं, धोक्याच्या सूचना वाजत होत्या, सहवैमानिक पुन्हा वर घ्यायला सांगत होता, तरी उतरण्याचा हट्ट सुटला नाही. चुकीचं उतरणं थांबवलं नाही हे अपघाताचं थेट कारण, आणि झोपेचा अंमल हे त्याला हातभार लावणारं कारण, असा चौकशीचा निष्कर्ष होता. रात्री दोन ते सकाळी सहा ही वेळ शरीराच्या घड्याळात सगळ्यात खोल ओहोटीची. आपल्या भाषेनं तिच्या शेवटच्या प्रहराला साखरझोप असं गोड नाव देऊन ठेवलं आहे. त्या साखरेवर भल्याभल्यांची शिस्त विरघळते.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. विमान तर ऑटोपायलटच चालवतो, शिवाय वैमानिक दोन असतात, मग काळजी कसली? श्रोतेहो, काळजी नेमकी तिथेच आहे. पुन्हा त्या कुकरकडे या. शिट्टी आपोआप वाजते म्हणूनच मोजणाऱ्याचं लक्ष उडतं, आणि मोजायला दोघं आहेत म्हणूनच कुणी मोजत नाही. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक काटा टप्प्याटप्प्यानं फिरायचा, क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारायचा, आणि ती उडी पकडायची एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. काहीच घडत नाही याकडे एकटक बघत राहणं हे काम मेंदूला जमतच नाही, मग गणवेशावर पट्टे कितीही असोत. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात केंदारीहून जकार्ताला निघालेल्या बातिक एअरच्या विमानात हेच झालं. एक वैमानिक दुसऱ्याला सांगून विश्रांतीला टेकला आणि दुसऱ्याचाही नकळत डोळा लागला. दुसऱ्याच्या घरी महिन्याभराची जुळी बाळं होती. २८ मिनिटं विमान कुणी जागं नसताना उडत राहिलं. ते सुखरूप उतरलं, हे दैव. उड्डाणापूर्वी त्यांची मद्याची तपासणी झाली होती आणि त्यात दोघं चोख उतरले होते.

आता हे नीट ऐका. आपल्याकडे उड्डाणाच्या आधी बारा तास वैमानिकानं मद्याला शिवायचं नाही, आणि तसा कुणी सापडला तर आपण संतापतो, ते रास्तच आहे. पण सतरा तास सलग जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हातांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढासळते, हे १९९७ सालच्या प्रयोगात दिसून आलं आहे. श्वासातली दारू नळीत फुंकून कळते, डोळ्यांतली झोप मोजणारी नळी विमानतळाच्या दारात नाही. ती फक्त स्वतः वैमानिकच सांगू शकतो, आणि त्यानं सांगितलं तर त्याच्याकडे कामचुकार म्हणून बघितलं जाता कामा नये.

कुणी म्हणेल, गलेलठ्ठ पगार घेतात, मग जागायला काय होतं? पगारानं झोप पुढे ढकलता येत नाही. कुणी म्हणेल, विश्रांती वाढवली तर विमानं रद्द होतात. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा बोट नव्या नियमांकडेच दाखवलं गेलं. पण आठवड्याला ४८ तास सलग विश्रांती आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. पाहुणे येणार हे दोन वर्षं आधी ठाऊक असताना तांदूळ आणले नाहीत, तर दोष पाहुण्यांचा की घरच्यांचा? शिवाय झोप शत्रूच आहे असंही नाही. नासाच्या अभ्यासात वैमानिकांना आळीपाळीनं, ठरवून चाळीस मिनिटं दिली, त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर अधिक सावध राहिले. आधी सांगून घेतलेली डुलकी औषध ठरते, आणि नकळत लागलेली… असो, मंगळूर तुम्ही ऐकलंत.

रडारसमोर बसणारे नियंत्रक आणि रातराणीचे एसटी चालक यांच्याबद्दलही बोलायचं होतं, पण समोरचा लाल दिवा लागला आहे. तेव्हा शेवटचं, आणि तेच पुन्हा. हा दोष वेळापत्रकाचा आहे, आणि स्वस्त तिकिटासाठी पहाटे तीनचं विमान निवडणारे आपणही त्या वेळापत्रकात आहोत. कधी विमानतळावर घोषणा होईल की वैमानिकांचे कामाचे तास संपल्यामुळे उशीर होत आहे. चिडचिड होईल, ती होऊ द्या. पण काउंटरवरच्या मुलीवर ओरडण्याआधी एवढं लक्षात घ्या, की आज शिट्ट्या कुणीतरी मोजल्या आहेत.