प्रश्न विचारणारा प्रतिनिधि

लोकप्रतिनिधीचें काम काय, असें आपल्या सुशिक्षित घरांतून कोणास विचारलें, तर बहुधा उत्तर येतें कीं, रस्ता करून देणें, नळाचें पाणी आणणें, मुलाच्या नोकरीसाठीं वा बदलीसाठीं शिफारसपत्र देणें. नागरिकशास्त्र शिकवितांना वर्गांतील मुलांकडूनही मला वर्षानुवर्षें हेंच उत्तर मिळत असे. आणि तें तीं घरूनच शिकून आलेलीं असत. कायदे करणें हें काम एखाद्याच मुलास आठवे. परंतु सरकारच्या तिजोरींतील पैसा कोठें गेला, कोणाच्या हुकुमानें गेला आणि कां गेला, हें मंत्र्यास समोरासमोर विचारणें, हें प्रतिनिधीचें तिसरें व माझ्या मतें सर्वांत मोलाचें कर्तव्य बहुतेकांच्या ध्यानींही नसतें. त्या कर्तव्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

तें कसें बजावावें, याचें एक उत्तम उदाहरण १९५७ सालीं लोकसभेंत घडलें. आदल्या वर्षीं, १ सप्टेंबर १९५६ रोजीं, देशांतील २४५ विमासंस्थांचें एकीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ अस्तित्वांत आलें होतें. कारकून, शिक्षक, लहान दुकानदार अशा असंख्य लोकांनीं पोटास चिमटा घेऊन भरलेले हप्ते आतां सरकारच्या भरंवशावर एके ठिकाणीं जमा झाले. आपल्या मागें बायकामुलांची आबाळ होऊं नये, एवढीच त्या पैशामागची इच्छा. असें असतां १९५७ च्या जून महिन्यांत या महामंडळानें हरिदास मुंदडा नांवाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर सुमारें सव्वा कोटि रुपयांस विकत घेतले. मुंदडा यांची आर्थिक स्थिति त्या वेळीं डळमळीत होती. आणि गुंतवणुकीविषयीं सल्ला देण्यासाठीं महामंडळाची जी समिति होती, तिला आधीं विचारण्यांतच आलें नव्हतें.

या व्यवहाराविषयीं लोकसभेंत प्रथम प्रश्न आले. उत्तरांनीं कोणाचें समाधान झालें नाहीं. मग १६ डिसेंबर १९५७ रोजीं रायबरेलीचे सभासद फिरोज गांधी चर्चेस उभे राहिले. हे गृहस्थ विरोधी पक्षाचे नव्हते. ते सत्तारूढ काँग्रेसचेच सभासद होते आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे जांवई होते. सभागृहांत काँग्रेसचें प्रचंड बहुमत होतें; एका सभासदाच्या बोलण्यानें सरकार पडण्याची मुळींच भीति नव्हती. तरीही सरकारला हालावें लागलें. याचें कारण असें कीं, त्यांनीं आधीं कागदपत्रें पाहिलीं होतीं, आंकडे जुळविले होते, आणि मगच तोंड उघडलें होतें.

आरोप आणि प्रश्न यांतील भेद येथें लक्षांत घेण्यासारखा आहे. 'हें सरकार भ्रष्ट आहे' असें कोणी ओरडला, तर मंत्री प्रत्यारोप करून मोकळा होतो, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत दोघांचींही भाषणें छापून येतात. परंतु 'अमुक तारखेस अमुक रकमेचा हुकूम कोणाच्या सहीनें निघाला' असें विचारल्यावर पळवाट उरत नाहीं. एक तर खरें सांगावें लागतें, नाहीं तर खोटें बोलण्याची जोखीम पत्करावी लागते. लेखी उत्तर खात्यांतील अधिकारी तयार करून देतात. खरी कसोटी लागते ती त्यावरच्या उपप्रश्नाला. तेथें मंत्र्यास स्वतःच्या माहितीवर उभें राहावें लागतें. म्हणून उपप्रश्न विचारणाऱ्यानें अभ्यास करून येणें अगत्याचें असतें.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. सरकारनें मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश महंमदअली करीम छागला यांचें एकसदस्य चौकशी मंडळ नेमलें. चौकशी मुंबईस उघडपणें झाली. बाहेर जमलेल्या लोकांस ऐकूं यावें म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. न्यायमूर्तींनीं थोड्याच आठवड्यांत, फेब्रुवारी १९५८ मध्यें, आपला अहवाल दिला. सचिवानें केलें, मला ठाऊक नव्हतें, असें म्हणून मंत्र्यास हात झटकतां येत नाहीं, खात्याच्या कृतीची जबाबदारी त्याचीच, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच महिन्यांत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं राजीनामा दिला. न्यायाला धरून हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्यांनीं स्वतःसाठीं पैसा घेतला असें ठरलें नव्हतें. पुढें १९६२ सालीं ते पुन्हां मंत्रिमंडळांत आले. सभागृहानें जाब मागितला होता तो सार्वजनिक पैशाचा. कोणा एका माणसाचा कायमचा नाश करणें हा त्यामागचा हेतु नव्हता.

प्रतिनिधीस असें निर्भयपणें बोलतां यावें म्हणून राज्यघटनेच्या १०५ व्या कलमानें संसदेंतील भाषणाबद्दल त्यास कोर्टांत खेंचतां येणार नाहीं, असें संरक्षण दिलें आहे; राज्यांच्या विधिमंडळांस तेंच १९४ व्या कलमानें मिळतें. परंतु तें भाषण छापणाऱ्या पत्रकारास कोणतें संरक्षण? ती उणीव भरून काढणारा कायदा १९५६ सालीं फिरोज गांधी यांनींच खासगी विधेयक मांडून करवून घेतला. संसदेच्या कामकाजाचें खरें वृत्त छापणाऱ्यास त्यानें अभय दिलें, आणि नभोवाणीसही तें लागू केलें. आणीबाणींत, १९७६ सालीं, तो कायदा रद्द झाला. १९७७ सालीं तो पुन्हां आला, आणि १९७८ च्या घटनादुरुस्तीनें त्यांतील तत्त्व घटनेंतच घातलें गेलें. बंद दाराआड विचारलेल्या प्रश्नाची सत्तेस भीति नसते, लोकांच्या कानीं गेलेल्या प्रश्नाची असते, हें या इतिहासावरून सहज कळतें.

प्रश्नास किंमत असते, म्हणूनच तो विकत घेण्याचा मोहही होतो. १९५१ सालीं एच. जी. मुद्गल या सभासदांनीं मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून पैसे घेऊन तिच्यासाठीं संसदेंत खटपट केल्याचें उघडकीस आलें आणि त्यांना जागा सोडावी लागली. २००५ च्या डिसेंबरांत तर प्रश्न विचारण्यासाठीं पैसे घेतल्याबद्दल दोन्ही सभागृहांतून मिळून ११ सभासदांस काढून टाकण्यांत आलें. ज्यानें जाब विचारावयाचा, त्याचेच हात बरबटलेले असले म्हणजे सामान्य माणसानें कोणाकडे पाहावें?

तथापि सगळा दोष प्रतिनिधींवर टाकून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. कोणी म्हणेल, १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानें सभासदांचीं तोंडें बांधलीं आहेत. परंतु तो कायदा पक्षादेशाविरुद्ध मत देण्यास शिक्षा सांगतो. हिशेब विचारण्यास त्यांत मनाई नाहीं. तोंड बांधलें जातें तें दुसऱ्याच एका दोरीनें, आणि ती दोरी आपण वळतों. आपल्या प्रतिनिधीस आपण आज एका बदलीसाठीं, उद्यां एका परवान्यासाठीं, परवां एका प्रवेशासाठीं मंत्र्याच्या दारीं धाडतों. सकाळीं ज्याच्या दालनांत हात जोडून उभें राहावयाचें, त्यालाच दुपारीं सभागृहांत खडा सवाल करावयाचा, हें किती जणांस साधेल? शिफारसपत्राच्या मोबदल्यांत आपण त्याचें स्वातंत्र्य खर्चीं घालतों, आणि मग सरकारला विचारणारा कोणी उरला नाहीं म्हणून हळहळतों.

म्हणून माझी विनंति एवढीच कीं, निवडणुकीच्या वेळीं उमेदवार दारीं आला म्हणजे रस्त्याविषयीं अवश्य विचारावें, परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : मागील पांच वर्षांत आपण सभागृहांत कोणते प्रश्न विचारले, आणि त्यांचीं काय उत्तरें मिळालीं? संसदेचें काय किंवा आपल्या महाराष्ट्र विधिमंडळाचें काय, कामकाजाचें वृत्त प्रसिद्ध होत असतें. तारांकित प्रश्न कोणी विचारला, लक्षवेधी सूचना कोणी दिली, हें त्यांत पाहावयास सांपडतें. ज्या घरांत रोज वर्तमानपत्र वाचलें जातें, त्या घरानें वर्षांतून एकदां तरी तें चाळून पाहावें, आणि आपल्या प्रतिनिधीचें नांव तेथें दिसलें तर दोन ओळींचें पत्र लिहून त्याचें अभिनंदन करावें. त्यानें मांडलेला हिशेब कोणीतरी वाचतो, हें त्यास कळूं द्यावें.