आणीबाणीला मुदत हवी

आर्थिक निर्बंध हा विषय मुंबईला परका नाही. इराणशी व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांची अमेरिकेतली करस्पाँडंट (डॉलर-व्यवहारांसाठीची) खाती बंद करता येतील, असा कायदा अमेरिकी काँग्रेसने 2010 साली केला. त्याच वर्षी डिसेंबरात इथल्याच रिझर्व्ह बँकेने इराणी तेलाचे पैसे आशियाई क्लिअरिंग युनियन या मध्यवर्ती बँकांच्या हिशेबपूर्ती-व्यवस्थेमार्फत चुकते करणे थांबवले आणि 2012 मध्ये यूको बँकेतल्या रुपया खात्याचा आडमार्ग शोधावा लागला. दंड होण्याआधी धाकच काम करतो, तो असा.

एवढी ताकद कोणाच्या हाती असावी? माझ्या मते निर्बंध लावण्याची मुभा राष्ट्रप्रमुखाला असावी. ते चालू ठेवण्याची मात्र कायदेमंडळाच्या मंजुरीविना नसावी. अमेरिकेत 1977 च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली, की परकी मालमत्ता गोठवता येते. तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातील ओलीस प्रकरणावरून नोव्हेंबर 1979 मध्ये जाहीर झालेली आणीबाणी ओलीस 1981 साली सुटल्यानंतरही दरवर्षी वाढवली जात राहिली. अशी आणीबाणी केवळ ठरावाने संपवण्याचा काँग्रेसचा अधिकार अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1983 च्या चढ्ढा खटल्यातील निकालामुळे टिकला नाही. आता ठरावालाही राष्ट्राध्यक्षांची सही लागते. ती नसेल तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते हवीत. म्हणजे अधिकार देताना साधे बहुमत पुरले, परत घेताना पुरत नाही!

वाटाघाटींत सरकारचे हात मोकळे हवेत, हा आक्षेप वजनदार आहे. पण 2011 साली ओबामा प्रशासनाचा विरोध असताना सिनेटने इराणच्या मध्यवर्ती बँकेवरील निर्बंध 100 विरुद्ध 0 मतांनी मंजूर केले, आणि 2015 च्या अणुकराराच्या वाटाघाटींत अमेरिकेकडे देण्याजोगे जे होते त्यात हेही निर्बंध होते. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: कायदेमंडळाने घातलेली गाठ सुटता सुटत नाही. सोव्हिएत संघातून ज्यूंना बाहेर पडू द्यावे म्हणून 1974 साली केलेली जॅक्सन-व्हॅनिक तरतूद, तो संघ विसर्जित झाल्यावरही, रशियापुरती 2012 पर्यंत राहिली. म्हणूनच मुदतीची अट आदेशाला तशी कायद्यालाही हवी.

आपल्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध 1947 च्या कायद्याखाली केंद्र सरकारच्या आदेशाने लागू होतात. त्या आदेशांना मुदत असावी का आणि ती किती, यावर आपल्या या परिषदेने नेमकी शिफारस करावी, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.