नवमीचं कीर्तन आणि मोबाइल





दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास सांगायला माझ्याहून जाणती माणसं इथं बसलीत. मला चालक म्हणाले, बुवा, तुम्ही करोनाच्या सालातल्या मोबाइलवरच्या कीर्तनाचं सांगा. तेवढंच सांगतो.

2020 साल. माउलींच्या पादुकांचं प्रस्थान 13 जूनला झालं, पण मोजक्या माणसांत. पुढं पादुका आळंदीतच आजोळघरी राहिल्या. 30 जूनला, दशमीला, एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. 1 जुलैची आषाढी, आणि पंढरपुरात संचारबंदी. आपल्या दिंडीतलं एक माणूस वाटेला लागलं नाही. दिवे घाट नाही, रिंगण नाही, वाखरीचा तळ नाही. म्हाताऱ्या माणसांनी तर जेवण टाकलं. वारी मोडली म्हणायची का नाही, यावर रोज पारावर बोलणं चालायचं, तेही लांब लांब बसून. शेवटी ठरलं की नवमीच्या रात्री वाखरीच्या मुक्कामी राहुटीत जे कीर्तन होतं, ते त्याच रात्री गावच्या देवळात करायचं आणि घरोघरी मोबाइलवर लाईव्ह दाखवायचं. सेवा माझ्याकडं आली.

लाईव्ह म्हणजे काय, तर तोंडातून निघालं की गेलं. पुसायची सोय नाही. पोरं म्हणायची, आजोबा, भ्या वाटत नाही का? म्हटलं, त्याचं कसलं भ्या? कीर्तनात तरी कुठं पुसता येतं? चाळीस वर्षं तेच करतोय.

खरी तारांबळ शेवटच्या तासात उडाली. आपलं देऊळ दगडी, भिंती हातभर जाड. गाभाऱ्यापुढं मोबाइल लावला तर रेंजच नाही. बाहेर लिंबाखाली दोन काड्या, ओट्यावर तीन. मग विठोबाची तसबीर, समई, सतरंजी, सगळं उचलून ओट्यावर आणलं. तेवढ्यात वीज गेली. पलीकडच्या घरातनं वायफाय घेतलं होतं, विजेबरोबर तेही गेलं. आठला वीस मिनिटं कमी होती. नातवानं दुसऱ्या मोबाइलवरनं नेट जोडलं आणि ट्रॅक्टरची बॅटरी आणून दिवा लावला.

मग आवाज बघायला घेतला. टाळ जवळ वाजले की माझा आवाज फाटायचा, नुसता खरखराट. टाळकरी दोनच होते, त्यांना पार तुळशी वृंदावनापाशी नेलं. पखवाज डाव्या अंगाला सरकवला. आबा रुसले, म्हणाले, मी काय पंगतीतनं उठवलेला हाय काय? त्यात बघायला म्हणून आमच्या सूनबाईनं तेच कीर्तन तिच्या मोबाइलवर तिथंच उघडलं. इथं बोललेलं तिकडं वीस-तीस सेकंदांनी ऐकू येतं. माझाच ‘राम कृष्ण हरी’ मागनं माझ्या कानात, तो परत ह्या मोबाइलमध्ये, आणि नुसता गोंगाट. तिला मोबाइल घेऊन घरी पाठवलं. नशीब, हे सगळं लोकांपुढं जायच्या आधी झालं. आणि मोबाइलवर फोन आला की लाईव्ह तुटतं म्हणे, म्हणून नातवानं त्याच्यावर येणारे फोन बंद करून ठेवले.

आठला दोन मिनिटं असताना सगळं जागच्या जागी बसलं. आणि तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली. हात कापायला लागले.

माउली, समाजआरतीला चोपदारांनी दंड वर केला की अख्खा तळ गप्प होतो, ते आपण बघतो. ती शांतता माणसांनी भरलेली असते. इथंही सारं शांत होतं, पण समोर कोण? एक काच, आणि काचेत मीच. कीर्तनकार काही एकटा बोलत नसतो. समोरचा म्हातारा मान हलवतो, एखादी माउली डोळ्याला पदर लावते, त्यावर पुढचा शब्द सुचतो. काच मान हलवत नाही. वर बदाम आणि हात जोडल्याची चित्रं पळत होती. नातू कौतुकानं दाखवायला लागला, म्हटलं, ते झाक बाबा.

गुरवकाकी दिवाबत्ती करून निघाल्या होत्या. म्हटलं, काकी, मोबाइलच्या मागं बसा आणि माझ्याकडं बघा. म्हणाल्या, बुवा, माणसं मोजून दिलीत, पोलीस येतील. म्हटलं, येऊ द्या, तेही बसतील ऐकायला. काकी तोंडाला पदर बांधून लांब पायरीवर बसल्या. नातवानं चोपदारासारखा हात वर केला, खाली आणला, आणि मी काकींकडं बघून जप सुरू केला. पहिल्या चालीला त्यांची मान हलली आणि हात कापायचे थांबले. पुढचे दोन तास मी त्यांच्यासाठीच उभा होतो. मधे किती जण आले, किती गेले, ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आपल्या तुळशीवाल्या मावशींचा पुण्यातनं फोन आला. खुब्याचं हाड मोडून त्या लेकाकडं पडून होत्या. म्हणाल्या, “बुवा, मधीच तुमचा आवाज गेला. नुसतं चित्तर. पर म्या टाळ थांबवला न्हाई.” समाजआरतीला सगळे गप्प झाल्यावर ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असतं, तिचेच टाळ वाजत राहतात आणि चोपदार तिकडं जातात. मावशींच्या टाळाकडं कोण जाणार होतं? मी फोनवर त्यांना बुडालेलं निरूपण पुन्हा सांगितलं. पाऊण तास लागला. मावशी पुढच्या साली गेल्या.

आता पायी वारी सुरू आहे, आणि राहुटीत मोबाइलची तिपाईही आली आहे. माझी ना नाही. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांना तेवढंच. पण पोरांनो, तिपाई श्रोत्यांच्या मधे रोवू नका, कडेला लावा. वायर टाळकऱ्यांच्या पायात येऊ देऊ नका. बॅटरी आदल्या मुक्कामालाच भरून ठेवा, वाखरीला सगळीकडं चार्जिंगला रांग असते. आणि आपल्या दिंडीतली जी माणसं अंथरुणाला आहेत, त्यांचे नंबर वहीत लिहून ठेवा. कीर्तन उठलं की एकेकाला फोन लावून विचारायचं, ऐकू आलं का? वही मी चालकांकडं दिली आहे, पहिली दोन पानं भरलीत.

राम कृष्ण हरी.